पी-बॅड गळतोय हे खरं, पण दुरुस्ती तिथे करायची नाही

प्रश्न थोडक्यात असा: डीएच५अल्फा या ई. कोलाय जीवाणूच्या स्ट्रेनमध्ये, पीएसबी१सी३ प्लास्मिडवर (पेशीतलं डीएनएचं छोटं वर्तुळ) एक 'नॉट' गेट, म्हणजे संकेत उलटवणारं जनुकीय सर्किट, बांधलंय. अरॅबिनोज ही साखर दिली की पी-बॅड हा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) चालू होतो, त्यावरून टेट-आर हा दमनकारक (जनुक दाबणारं प्रथिन) तयार होतो, टेट-आर पी-टेट या दुसऱ्या प्रमोटरला दाबतो आणि त्यावरचा जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, बंद होतो. म्हणजे अरॅबिनोज नसताना पेशी हिरव्यागार दिसायला हव्यात आणि दिल्यावर विझायला हव्यात. प्रत्यक्षात अरॅबिनोज न देताही जीएफपी पार्श्वभूमीच्या जेमतेम वर आहे. थोडंसं अरॅबिनोज देऊन मधली पातळी काढायला गेलं तर दर वेळी वेगळाच आकडा येतो. दोन्ही जनुकांपुढे आरबीएस (रायबोसोम प्रथिन बनवायला जिथे बसतो ती जागा) बी००३४ आहे, माध्यम एलबी आहे, मोजमाप प्लेट रीडरवर (प्लेटच्या विहिरींतली चमक मोजणारं यंत्र). आणि विचारलंय हे, की पी-बॅड सोडून दुसरा प्रमोटर घ्यावा का?

अजून तरी नको. तुमच्याकडे एकात एक अडकलेले दोन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रमोटर बदलून त्यातला कुठलाच नक्की सुटेल असं नाही. पहिला प्रश्न पातळ्या जुळण्याचा: पी-बॅडमधून नुसत्या गळतीने, म्हणजे अरॅबिनोज नसतानाही, जेवढा टेट-आर बनतो, तेवढाच पी-टेट बंद करायला पुरतोय. दुसरा प्रश्न पी-बॅडच्या मधल्या पातळीचा आणि तो जीवाणूच्या साखर आत घेण्याच्या पद्धतीतून येतो. पहिला आधी सोडवा, कारण तो सुटल्याशिवाय दुसऱ्याचं मोजमापच करता येणार नाही.

गळती प्रत्येक प्रमोटरला असते. नळ किती थेंब गळतो यापेक्षा खाली वाटी ठेवलीय की पिंप, हे बघायला हवं. टेट-आर आपल्या ऑपरेटरला, म्हणजे पी-टेटवरच्या बसायच्या जागेला, फार घट्ट धरतो. ई. कोलायच्या एका पेशीत एखाद्या प्रथिनाचा एक रेणू म्हणजे साधारण १ नॅनोमोलर, आणि टेट-आरची पकड त्याहूनही कितीतरी कमी सांद्रतेला पुरी पडते. त्यामुळे पी-टेट बंद करायला टेट-आरचे ढीग लागत नाहीत. ऑपरेटरांच्या संख्येच्या थोडे वर रेणू असले की झालं. तुम्ही मात्र त्याच्यापुढे बी००३४ लावलाय, जो नेहमीच्या वापरातल्या जोरदार आरबीएसपैकी एक आहे.

आकड्यांत बघू. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, मोजलेले नाहीत. समजा बी००३४ असताना पी-बॅडची गळती १ एकक टेट-आर देते आणि पूर्ण अरॅबिनोजला ३०० एकक. समजा पी-टेट ०.३ एककाला निम्मा दबतो आणि हिल गुणांक (दबणं किती एकदम होतं ते सांगणारा आकडा) २ आहे. मग गळतीलाच जीएफपी जेमतेम ८ टक्क्यांवर आलेला असतो. ३०० एककांपर्यंतची सगळी धाव वाया, कारण जे बंद व्हायचं ते १ लाच झालं. आता टेट-आरपुढचा आरबीएस बदलून बी००३१ लावला, ज्याची ताकद बी००३४ च्या सुमारे ०.०७ पट धरली जाते, तर टेट-आर ०.०७ ते २१ मध्ये फिरेल. गळतीला जीएफपी ९५ टक्के, पूर्ण अरॅबिनोजला जवळजवळ शून्य. प्रमोटर तोच, गळतीचं प्रमाण तेच, ३०० पटींचा पल्लाही तोच. फक्त तो पल्ला ०.३ च्या दोन्ही बाजूंना येऊन बसला.

आरबीएस पल्ला रुंद करत नाही, तो अख्खा वर-खाली सरकवतो. गळती आणि कमाल पातळी, दोन्हीला एकाच आकड्याने भागतो. टेट-आरला ऱ्हासाचं शेपूट (प्रथिन लवकर मोडायला लावणारा जोड) लावलं तरी स्थिर अवस्थेत तेच होतं. उलट ग्लुकोज किंवा अरा-सी या पी-बॅडवर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण यांनी गळती आणि कमाल यांच्यातलं गुणोत्तरच बदलतं. कुठलंही बटण फिरवण्याआधी ते सरकवणारं आहे की रुंदावणारं, हे स्वतःला विचारायची सवय लावा. तुमच्या गेटला सरकवणारं हवंय.

हा काही तुमच्या एकट्याच्या बांधणीतला दोष नाही. २००२ साली योकोबायाशी, वाइस आणि अरनॉल्ड यांनी नेमकं असंच न चालणारं एक इन्व्हर्टर, म्हणजे नॉट गेटच, घेतलं होतं. त्यात लॅम्ब्डा फाज या जीवाणूंवरच्या विषाणूचा सी-आय दमनकारक गळतीतूनच इतका बनत होता की पुढचं पिवळं प्रथिन कायम बंद. त्यांनी सी-आय जनुक आणि त्याच्या आरबीएसमध्ये यादृच्छिक उत्परिवर्तनं करून चालणारी रूपं वेचून काढली. सुरुवातीच्या सर्किटांपासून हा घोळ असाच चालत आलाय.

आता निदान. क्लोनिंगला हात लावण्याआधी एक चाचणी करा: अरॅबिनोज शून्य ठेवून अॅनहायड्रोटेट्रासायक्लिन, म्हणजे एटीसी, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली द्या. एटीसी टेट-आरला ऑपरेटरवरून उठवतं. जीएफपी उसळला तर दोषी टेट-आरची गळतीच आहे, वाद मिटला. नाही उसळला तर पी-टेट ते जीएफपी या तुकड्यातच काहीतरी तुटलंय आणि पी-बॅडला दोष देण्यात अर्थ नाही. एटीसीचा स्टॉक इथेनॉलमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली करून ठेवलात तर १ मिली माध्यमाला १ मायक्रोलिटर पुरतं. प्रकाशाने ते खराब होतं. नळीला फॉइल गुंडाळा आणि प्लेटही उघड्यावर ठेवू नका. डोस २०० च्या वर नेणार असाल तर वाढीचा आलेख आधी बघा, कारण शेवटी ते टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातलं आहे.

सोबत चार कल्चर लागतात: रिकामं प्लास्मिड असलेल्या पेशी, टेट-आर नसलेला नुसता पी-टेट-जीएफपी, त्याच प्लास्मिडवर त्याच आरबीएससह पी-बॅड-जीएफपी, आणि पूर्ण सर्किट. पहिल्याने पेशींची स्वतःची चमक कळते, दुसऱ्याने जीएफपीची कमाल. तिसरं कल्चर बहुतेक जण टाळतात. पण पी-बॅडची गळती खरोखर किती हे दुसरं कोण सांगणार? पूर्ण सर्किटमध्ये टेट-आर दिसत नाही, दिसतो तो त्याचा परिणाम.

एटीसीचा उपयोग एवढ्यावर संपत नाही. एका अक्षावर अरॅबिनोजच्या आठ पातळ्या आणि दुसऱ्यावर एटीसीच्या सहा, ०, ५, १०, २०, ५० आणि १०० नॅनोग्रॅम, अशी जाळी एकाच ९६ विहिरींच्या प्लेटवर मांडा. एटीसी जितकं जास्त, तितका टेट-आर निकामी, म्हणजे पी-टेट दबायचा उंबरठा तितका वर. मधल्या एखाद्या एटीसीला सर्किट अपेक्षेप्रमाणे वागायला लागलं, अरॅबिनोज नसताना उजळलं आणि दिल्यावर विझलं, तर दोन गोष्टी एकदम कळतात: बांधणी बरोबर आहे, आणि टेट-आर खाली आणल्याने काम होणार आहे. कुठल्याच एटीसीला तसं झालं नाही तर आरबीएस बदलण्यात महिना घालवू नका, आधी सगळा तुकडा सिक्वेन्स करून घ्या. एक प्लेट, एक दिवस, क्लोनिंग शून्य. माझ्या मते या सगळ्यातला हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे आणि सगळ्यात कमी केला जाणारा.

समजा निदान पक्कं झालं. आता टेट-आर कमी कशाने करायचा?

प्लास्मिडची प्रतिसंख्या कमी करा असा सल्ला सर्रास मिळतो. तुमच्या बाबतीत तो जसाच्या तसा चालणार नाही. टेट-आर आणि पी-टेट एकाच प्लास्मिडवर आहेत. प्रती १०० वरून १० वर आणल्या तर टेट-आर दहापट घटला, पण त्याला झाकायचे ऑपरेटरही दहापट घटले. पकड इतकी घट्ट असताना हिशेब 'किती रेणू विरुद्ध किती ऑपरेटर' असाच चालतो, आणि ते गुणोत्तर जवळपास होतं तिथेच राहतं. फायदा हवा असेल तर फक्त टेट-आरचा भाग कमी प्रतींच्या प्लास्मिडवर हलवा, उदाहरणार्थ पी१५ए उगमाच्या (प्लास्मिडची नक्कल जिथून सुरू होते ती जागा) पीएसबी३के३ वर, आणि जीएफपी आहे तिथे राहू द्या. पी१५ए आणि पीएसबी१सी३ चा पीएमबी१ उगम एका पेशीत सुखाने नांदतात. एकाच उगमाची दोन प्लास्मिडं मात्र एकत्र ठेवू नका. काही पिढ्यांत एक दुसऱ्याला हुसकावतं.

ऱ्हासाच्या शेपटाबद्दल आधी एक तपासा: टेट-आरचा भाग रजिस्ट्रीतला (प्रमाणित जैविक भागांच्या संग्रहातला) सी००४० असेल तर त्याला एलव्हीए शेपूट आधीच आहे. म्हणजे क्लिप-एक्स-पी प्रोटिएज तो आत्ताही खातंय आणि तरीही तो पुरून उरतोय. शेपटाचा खरा उपयोग वेगासाठी असतो. शेपूट नसलेलं टिकाऊ प्रथिन फक्त पेशी दुणावल्यामुळेच विरळ होतं. दहापट खाली यायला तीन-सव्वातीन दुपटी लागतात. तीस मिनिटांची दुपट धरली तर पावणेदोन तासांच्या आसपास. दोन्ही प्रथिनांना एलव्हीए लावायचा मोह आवरा. प्रोटिएज मोजकंच असतं. भरपूर बनणारा जीएफपी ते अडवून बसला की टेट-आरचा ऱ्हास मंदावतो आणि ज्या दोन प्रथिनांचा संबंध फक्त प्रमोटरवर असायला हवा, त्यांच्यात मागच्या दाराने नवा संबंध जुळतो.

म्हणून मी आरबीएसच निवडेन. पण बी००३१ किंवा बी००३३ आणून लावला आणि झालं, असं समजू नका. रजिस्ट्रीतल्या सापेक्ष ताकदी एका विशिष्ट जनुकापुढे मोजलेल्या आहेत. आरबीएस किती चालेल हे त्याच्या मागच्या-पुढच्या अक्षरांवर ठरतं. टेट-आरच्या सुरुवातीच्या तीसेक अक्षरांनी आरबीएसशी दुमडून गाठ मारली तर रायबोसोमला बसायलाच जागा नाही. सालिस यांच्या चमूने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरबीएस कॅल्क्युलेटरसारखी साधनं या दुमडीचा हिशेब करतात. दिशा दाखवायला ती चांगली आहेत. नेमक्या आकड्यासाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

त्याऐवजी छोटी लायब्ररी, म्हणजे वेगवेगळ्या आरबीएसांचा संच, करा. आरबीएसमधल्या शाइन-डालगार्नोच्या (रायबोसोम इथेच चिकटतो) एजीजीएजीजी या सहा अक्षरांपैकी तीन जागी एन (चारपैकी कुठलंही अक्षर) ठेवून प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, मागवा. चार गुणिले चार गुणिले चार, ६४ रूपं. त्याच्या तिप्पट, म्हणजे १९२ वसाहती उचलल्या तर कुठलंही एक ठरावीक रूप हाती लागायची शक्यता सुमारे ९५ टक्के. १९२ म्हणजे बरोबर दोन प्लेटी. प्रत्येक वसाहत दोन माध्यमांत टोचा, एक अरॅबिनोजशिवाय, एक ०.२ टक्के अरॅबिनोजसह. पहिल्यात उजळ आणि दुसऱ्यात काळी, अशाच घ्या. नुसत्या 'अरॅबिनोजशिवाय उजळ' एवढ्या निकषावर निवडलंत तर ज्यांचा टेट-आर पार मोडलाय अशा वसाहती सर्वांत आधी हाती येतील, आणि त्या दिसतात अगदी देखण्या. निवडलेल्या पाच-सहांचं सॅंगर सिक्वेन्सिंग करून घ्या आणि ते प्लास्मिड नव्या पेशींत पुन्हा घालून वागणूक तीच राहते का बघा. दोन्ही जनुकांच्या शेवटी बी००१५ टर्मिनेटर (जनुकाचं वाचन थांबवणारा तुकडा) असेल तर त्यातला एक बदला. एकसारखे दोन तुकडे प्लास्मिडवर असले की पुनर्संयोगाने मधला भाग गळून पडू शकतो. डीएच५अल्फात रेक-ए (पुनर्संयोग घडवणारं प्रथिन) नाही म्हणून हे कमी होतं, शून्य होत नाही.

आता दुसरा प्रश्न, मधल्या पातळीचा. अरॅबिनोज पेशीत आणणारे वाहक, अरा-ई आणि अरा-एफजीएच, हे स्वतःच अरॅबिनोजने चालू होतात. ज्या पेशीत योगायोगाने थोडे वाहक जास्त, तिथे साखर जास्त शिरते, त्यामुळे वाहक आणखी बनतात, साखर आणखी शिरते. शेजारची पेशी तशीच बंद. कमी अरॅबिनोजला प्रत्येक पेशी अर्धी चालू होत नाही. काही पूर्ण चालू आणि बाकीच्या पूर्ण बंद असतात. अरॅबिनोज वाढवलं की चालू पेशींची टक्केवारी वाढते. सीगेल आणि हू यांनी १९९७ मध्ये पी-बॅड असलेल्या प्लास्मिडांवर हे दाखवून दिलं. प्लेट रीडर सगळ्यांची सरासरी देतो, त्यामुळे आलेख छान गुळगुळीत येतो आणि आपण फसतो.

त्यात डीएच५अल्फा अरॅबिनोज खाते. ०.००२ टक्क्यांसारखा डोस काही तासांत फस्त होतो आणि पी-बॅड पुन्हा मालवतो. तुमचे आकडे दर वेळी वेगळे येण्यामागे बहुधा हेच आहे, कारण किती तासांनी मोजलं यावर उत्तर ठरतंय. टॉप१० किंवा डीएच१०बी या स्ट्रेनच्या पेशी घेतल्या तर खाणं थांबतं, पण वाहकांचा खेळ तसाच राहतो. दोन्ही हवं असेल तर बीडब्ल्यू२७७८३ सारखा स्ट्रेन घ्या. त्यात अरॅबिनोज पचवणारी जनुकं काढलेली आहेत आणि अरा-ई कायम चालू असणाऱ्या प्रमोटरवर आहे, म्हणून सगळ्या पेशींत साखर सारखी शिरते आणि मधली पातळी खरोखर मिळते. फक्त त्यात रेक-ए आणि एंड-ए (डीएनए कापणारं न्यूक्लिएज) शाबूत आहेत. क्लोनिंग डीएच५अल्फातच करा, मोजमापापुरतं प्लास्मिड तिकडे हलवा, आणि तिथून मिनीप्रेप काढायची (प्लास्मिड शुद्ध करायची) वेळ आली तर न्यूक्लिएज काढायची जादा धुलाई विसरू नका.

पेशींचे खरोखर दोन गट, म्हणजे आलेखात दोन टेकड्या, आहेत का, हे फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) पाच मिनिटांत दिसतं. तो नसेल तर १.५ टक्के अॅगॅरोजच्या पातळ पॅडवर थेंब ठेवून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढा आणि फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनेकशे पेशी मोजा. हिस्टोग्रामला एक टेकडी आली तर ती मधली पातळी, दोन आल्या तर ते दोन गट.

मोजमापाची पद्धतही बदलावी लागेल. एलबी स्वतःच हिरवट चमकतं आणि त्यातल्या साखरेचं प्रमाण तुमच्या हातात नाही. एम९ हे ठरावीक घटकांचं माध्यम घ्या, कार्बनस्रोत ०.४ टक्के ग्लिसरॉल, सोबत ०.२ टक्के कॅसअमिनो आम्लं. ग्लुकोज नको, पी-बॅडला लागणारं सीआरपी या प्रथिनाचं सहाय्य त्याने तुटतं. गळती दाबायला ०.२ टक्के ग्लुकोज उत्तम, पण मग कमी अरॅबिनोजला प्रतिसादही दबतो, म्हणून ते फार तर रात्रभराच्या कल्चरपुरतं वापरा आणि सकाळी पेशी धुऊन घ्या. डीएच५अल्फाला एम९ मध्ये थायमिन लागतं आणि डीएच१०बीला ल्युसिन. ल्युसिन कॅसअमिनोतून मिळतं, थायमिन वेगळं घालावं लागतं. बाटलीवर एल-अरॅबिनोज लिहिलंय ना, तेही वाचून घ्या. डी-अरॅबिनोजने पी-बॅड चालू होत नाही, आणि कपाटात दोन्ही शेजारी-शेजारी असतात.

सकाळी रात्रीचं कल्चर शंभरास एक विरळ करा, ओडी (पेशींची दाटी दाखवणारं मोजमाप) ०.२ च्या आसपास आलं की पुन्हा ०.०२ वर आणा आणि मगच अरॅबिनोज द्या. या दोन टप्प्यांचं कारण वरच्याच दुपटींत आहे: रात्री साठलेला टेट-आर आणि जीएफपी वाढीतूनच विरतो, थेट वाढ थांबलेल्या पेशी घेतल्या तर कालचा हिशेब आज मोजाल. अरॅबिनोजचा २० टक्के स्टॉक ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून ठेवा. सर्वांत वरची पातळी ०.२ टक्के, मग चौपट विरळ करत ०.०५, ०.०१२५, ०.००३, ०.०००८, ०.०००२, ०.००००५ आणि शेवटी शून्य. कडेच्या विहिरी लवकर सुकतात, त्यांत नुसतं पाणी भरा. जाळीला आतल्या साठ विहिरी पुरतात. दर दहा मिनिटांनी ओडी आणि ४८५ ला उत्तेजित करून ५१५ च्या आसपास जीएफपी वाचा. अहवालात नुसतं जीएफपी भागिले ओडी देऊ नका. रिकाम्या प्लास्मिडची चमक वजा करून, ओडी ०.१ ते ०.४ या टप्प्यात दर ओडीमागे जीएफपी किती वेगाने वाढतो तो वेग द्या. वाढ मंदावली की टिकाऊ जीएफपी विरळ व्हायचा थांबतो, आणि प्रमोटर जागचा हलला नसतानाही भागाकार चढतो. एटीसीच्या वरच्या डोसांना हा धोका जास्त, म्हणून प्रत्येक विहिरीचा वाढीचा आलेखही सोबत ठेवा.

राहिला प्रमोटर बदलायचा मुद्दा. ते तुम्हाला काय हवंय यावर आहे. चालू आणि बंद एवढंच हवं असेल तर पी-बॅड पुरेसा आहे, टेट-आरपुढचा आरबीएस सौम्य करा आणि पुढे चला. पेशीगणिक एकसारखी, हवी तिथे थांबणारी मधली पातळी हवी असेल आणि स्ट्रेन बदलणं शक्य नसेल, तर मात्र अरॅबिनोज सोडा. अशा वेळी दमनकारकाने स्वतःच्याच प्रमोटरला दाबायची रचना उपयोगी पडते. यीस्टमध्ये टेट-आरवर ती करून २००९ मध्ये नेवोझाय आणि सहकाऱ्यांनी डोस-प्रतिसाद जवळपास सरळ रेषेत आणला होता. पण तुमच्या गेटमध्ये टेट-आर आधीच पुढच्या टप्प्याला वापरलाय, त्यामुळे आत येणाऱ्या संकेतासाठी लॅक-आय हा दमनकारक आणि त्याला उठवणारं आयपीटीजी, यांसारखी दुसरी जोडी लागेल, आणि मग पातळ्या जुळवण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून.

चालणारा क्लोन मिळाला की त्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला टाका आणि प्रत्येक प्रयोग त्या स्टॉकवरून ताज्या पसरलेल्या वसाहतीपासून सुरू करा. फ्रिजमधली दोन आठवड्यांची प्लेट वापरू नका, आणि कल्चरवरून कल्चर असं दिवसेंदिवस पुढे ढकलू नका. जीएफपी भरपूर बनवणाऱ्या पेशींना तो भार जड जातो. ज्यांच्यात उत्परिवर्तनाने तो बंद पडलाय त्या वेगाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात, आणि प्लेट रीडरवर ते अगदी 'टेट-आर गळतोय' असंच दिसतं.